पार्वताबाईंचा अठरावा हल्ला

मी करडी गावचा जावई. माझ्या सासऱ्यांच्या आणि पार्वताबाई नंदेश्वर यांच्या अंगणात कमरेइतकी एक भिंत आहे, तेवढंच अंतर. तिकडचं बोलणं इकडे ऐकू येतं आणि त्याला कोणी कान लावून ऐकणं म्हणत नाही. पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं मी त्या भिंतीवरून पाहिलं, काही त्यांच्या मुलीनं सांगितलं, आणि शेवटचा डाव तर खुर्ची टाकून समोर बसून पाहिला.

पार्वताबाई एकसष्ट वर्षांच्या. शिक्षण सातवीपर्यंत. अंगणवाडीत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढली, नवरा गेल्यावर दीड एकर धानाची शेतीही एकटीनं सांभाळली. मुलगी तृप्ती भंडाऱ्याला एका कॉलेजात गणित शिकवते, शनिवारी संध्याकाळी घरी येते आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जाते. मुलगा अश्विन पायदळात होता. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आठ महिने दवाखान्यात काढून तो नोव्हेंबरात घरी आला तेव्हा गावात धान कापणी चालू होती. सोबत दोन कुबड्या होत्या, निळ्या पिशवीत नवाकोरा कृत्रिम पाय होता आणि पुठ्ठ्याचा एक चपटा डबा होता.

पिशवी त्यानं खाटेखाली सरकवली आणि तिला हात लावला नाही. सकाळी कुबड्या घेऊन मागच्या दारी जायचं, परत येऊन खाटेवर पडायचं, एवढाच त्याचा दिवस. भेटायला येणाऱ्यांशी तो हो-नाहीच्या पुढे बोलत नसे. पार्वताबाईंनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "बाबू, पाय चढवून तं पाह्य."

"दुखते."

"न चढवता कसं मालूम, दुखते म्हणून?"

"माय, तू जाय इथून."

त्या गेल्या. पण त्यांच्या एक लक्षात आलं होतं. दुपारी घरात कोणी नसलं की अश्विन तो पुठ्ठ्याचा डबा उघडतो, खाटेवर एक मोठा नकाशा पसरतो आणि त्यावर लहान लहान सोंगट्या मांडून एकटाच फासे टाकत बसतो. तो युद्धाचा खेळ होता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या एका अधिकाऱ्यानं तो त्याला शिकवला आणि जाताना देऊनही टाकला.

डिसेंबरातल्या एका रविवारी पार्वताबाई खाटेच्या कडेला येऊन बसल्या. "हे मले शिकव."

अश्विन हसला. तो घरी आल्यापासून हसण्याची ती पहिलीच वेळ, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुले? हे चिंचोक्यांचं चंगाष्टा नोहे, माय."

"मालूम आहे. शिकव."

नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं होती. वरच्या बाजूला एक टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर खोदलेला लांब खंदक. खंदकात बचाव करणाऱ्याच्या सहा तुकड्या, दोन टोकांना दोन मशीनगन, समोर काटेरी तार. मागे एक राखीव तुकडी. खालच्या बाजूला हल्ला करणारा. त्याच्याकडे पायदळाच्या बारा तुकड्या, त्यांतली एक तार कापणारी. शिवाय दोन मोर्टार, आणि धुराचे गोळे मोजून तीन. दहा फेऱ्यांत खंदक ताब्यात आला तर हल्ला करणारा जिंकला, नाहीतर बचाव करणारा.

अश्विननं खंदक घेतला. पार्वताबाईंनी आपल्या बाराच्या बारा तुकड्या एका ओळीत उभ्या केल्या आणि सरळ टेकडीकडे चालवल्या. चौथ्या फेरीपर्यंत एकही उरली नाही. अश्विननं सोंगट्या गोळा करून डब्यात टाकल्या. "झालं तुहं शिकणं?"

"पुढच्या रविवारी पुन्हा."

"माय, खंदकातल्या माणसावर हल्ला करनं सोपं नाही. तो झाकला आहे, तू उघडी आहेस. एकाला तीन लागतात, तरी होत नाही. सोड."

"होत नाही म्हणतोस, मंग खेळात दिलं काहून?"

ह्यावर तो चिडला. कुबडी आपटून म्हणाला, "ज्या दिवशी तू हा मोर्चा, म्हणजे हा खंदक, घेशील ना, त्या दिवशी मी तो पाय चढवीन. तोवर त्या पायाचं नाव काढजो नको."

त्याला वाटलं होतं विषय संपला. पार्वताबाईंनी मात्र ते बोलणं करारासारखं धरलं. त्यानंतर त्यांनी खरोखरच पायाचं नाव काढलं नाही. दर रविवारी जेवणं आटोपली की त्या हात पुसून खाटेसमोर येऊन बसत आणि म्हणत, "मांड."

आणि दर रविवारी हरत. एकदा त्यांनी पहिल्याच फेरीत मोर्टारचे सगळे गोळे खंदकावर ओतले. गोळे पडले की खंदकातली तुकडी दबते, त्या फेरीत तिला गोळीबार करता येत नाही. पण पार्वताबाईंच्या तुकड्या तेव्हा टेकडीपासून पाच घरं लांब होत्या. त्या पोचेपर्यंत खंदकवाले सावरून बसले होते. पाचवा डाव तसा गेला.

नवऱ्याचा चुलतभाऊ भैय्यालाल फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, गल्लीच्या तोंडाशी राहतो. पार्वताबाई त्याच्याकडे गेल्या. तो त्या वेळी गोठ्यात म्हशीला सरकीची ढेप घालत होता.

"भाऊजी, खंदक कसा घेतात?"

भैय्यालालनं घमेलं खाली ठेवलं. "कोन्या खंदकाची गोष्ट करून राहिली, वहिनी?"

त्यांनी सगळं सांगितलं. तो हसला नाही. तिथंच खाली बसून त्यानं बोटानं मातीत रेघ ओढली. "गोळा पडते तवा माणूस मुंडी खाली करते. त्याची मुंडी खाली आहे तेवढाच तुह्या माणसाचा टाइम. म्हणून अर्ध्यांनी गोळी मारत राहाची आन् अर्ध्यांनी सरकाचं. आपला माणूस खंदकाच्या तोंडाशी जाईपर्यंत गोळी थांबली नाही पाहिजे. थांबली का मेला."

"आन् सगळीकडून एकदम गेलं तर?"

"सगळीकडून कायले? तुले सगळा खंदक एका खेपेत नाही पाहिजे. एक टोक पाह्य. टोकाला त्याचा एकच माणूस लढू शकते, बाकीचे आपल्याच माणसाच्या मागं अडकतात. टोकातून आत उतराचं आन् मंग खंदकातल्या खंदकातच एकेक कोपरा साफ करत जाचं."

त्या रविवारपासून खेळ बदलला. सरळ चालत जाणं बंद झालं. दहाव्या डावात पार्वताबाईंची एक तुकडी खंदकात उतरलीसुद्धा. अश्विन उठून बसला. मग त्यानं मागची राखीव तुकडी आणून तिला बाहेर फेकलं. पार्वताबाईंकडे मदतीला पाठवायला कोणी नव्हतं, सगळ्या तुकड्या पुढे गुंतल्या होत्या.

"काही मागं ठेवाव लागते, माय," अश्विन म्हणाला. पहिल्यांदाच तो आपणहून काही सांगत होता. "आत शिरनं अर्धंच काम आहे. शिरल्यावर तो परत मारतेच."

"किती ठेवाव?"

"बारातले तीन. चार."

त्यांनी ते अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

तरीही अकरावा गेला, बारावा गेला. डाव्या टोकाकडे जावं तर डावीकडची मशीनगन कापून काढी, उजवीकडे जावं तर उजवीकडची. तेराव्या डावाच्या आदल्या दिवशी तृप्ती नकाशा बघत बसली होती. तिनं विचारलं, "आई, ह्या वाकड्या रेघा कशाच्या आहेत, मालूम आहे ना तुला?"

"शोभेच्या असतील."

"शोभेच्या नाही गं. उंची आहे ती. एक रेघ ओलांडली की एक बांधी वर चढलो असं समज."

पार्वताबाई नकाशाकडे बघतच राहिल्या. आपल्याकडे धानाची बांधी म्हणजे बांध घातलेला तुकडा, आणि उतारावर एकीपेक्षा दुसरी हातभर उंच असते, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. "हे आधी काहून नाही सांगितलं? मी तं सपाट समजून चालून राहिली होती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोडीतून, शेतालगतच्या लहान तळ्यातून, दोन घमेली चिकणमाती आणली आणि अंगणात ती टेकडी करायला घेतली. प्रत्येक रेघेला एक बोट उंची. तृप्ती नकाशा हातात धरून सांगत होती, त्या थापत होत्या. खंदकाच्या जागी काडीनं चर पाडला आणि मशीनगनच्या जागी तुरीच्या काड्या रोवल्या. मग त्या अंगणात आडव्या झाल्या, गाल मातीला टेकवला आणि एक डोळा मिटून काडीच्या मागून बघू लागल्या.

पलीकडच्या घरच्या केशरबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांच्या हातातली वाटीच पडली. "अवं पार्वता! चक्कर आली का वं?"

"नाही. मशीनगनला काय दिसते ते पाहून राहिली. तू उन्हातून सरक."

मी भिंतीपलीकडे चहा पीत होतो. मला हसू आलं, पण त्या इतक्या मन लावून बघत होत्या की हसलो नाही. बराच वेळ त्या एका काडीमागून दुसऱ्या काडीमागे सरपटत होत्या. मग उठून बसल्या. गालाला माती, केसांत माती. "तृप्ती, डावीकडे हा नाला आहे ना, तो थेट खंदकाच्या टोकाले जाते. आन् नाल्यातल्या माणसाले उजवीकडची बंदूक पाहूच शकत नाही. मधात टेकडीचा खांदा येते. फक्त डावीकडची पाहते. म्हणजे एकीचेच डोळे झाकाचे आहेत. धूर तिच्यासमोर टाकाचा!"

तेराव्या आणि चौदाव्या डावात त्या खंदकाच्या टोकापर्यंत दोनदा पोचल्या. दोन्ही वेळा फासे फिरले. पण अश्विन आता पडून खेळत नव्हता. शनिवारीच नकाशा मांडून तो विचार करत बसायचा.

पंधराव्या रविवारी वेगळंच घडलं. मार्च संपत आला होता. पार्वताबाईंच्या तुकड्या नाल्यातून निघाल्या, एकही गोळी आली नाही. दुसऱ्या फेरीतही आली नाही. त्या थांबल्या.

"ही डावीकडची मशीनगन रोज टोकावर असते. आज मधात काहून?"

"माही मर्जी. बचाववाला कुठंही मांडू शकते."

"इथून तिले काहीच दिसत नाही. तुले मालूम आहे ते."

अश्विननं मान वळवली. "खेळ ना, माय."

"तू हरून राहिला."

"मग घे ना जिंकून!" तो ओरडला. "पाय चढवतो म्हणून राहिलो ना मी! तुले तेच पाहिजे ना? घे खंदक आन् मोकळी हो!"

पार्वताबाईंनी आपल्या सोंगट्या एकेक करून उचलल्या आणि परत खालच्या ओळीत ठेवल्या. आवाज चढवला नाही. "पाय तुहा आहे. चढवाचा तर आत्ता चढव, नाहीतर नको चढवू. पण मोर्चा मी घेईन तो खराच घेईन. भीक म्हणून दिलेला मले नको."

त्या उठून शेतावर गेल्या. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं.

पुढचे चार दिवस माय-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट खाटेवर येई आणि रिकामं परत जाई. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, पार्वताबाई दुपारी घरी आल्या तर नकाशा मांडलेला होता. डावीकडची मशीनगन टोकावर होती आणि काटेरी तार पहिल्यापेक्षा दाट होती.

"आज रविवार नोहे," त्या म्हणाल्या.

"बस," अश्विन म्हणाला.

तो डाव त्यानं असा खेळला की सहाव्या फेरीतच त्या संपल्या. हरल्यावर पार्वताबाईंना जे समाधान वाटलं ते तृप्तीला फोनवर सांगताना त्यांना नीट सांगता आलं नाही. सतरावा डावही त्याचाच झाला. अंगणातली टेकडी त्यानं कुबड्यांवर उभं राहून नीट पाहून घेतली होती, आणि आता तो राखीव तुकडी आधीपासून डाव्या बाजूलाच आणून ठेवत होता.

मधले काही रविवार उन्हाळी धानाच्या कामात गेले, आणि अठरावा डाव मे महिन्यातल्या एका रविवारी झाला. बाहेर ऊन पेटलेलं, आत कूलर घरघरत होता. भैय्यालाल आला, तृप्ती होती, मी माझी खुर्ची घेऊन गेलो.

पार्वताबाईंनी पहिल्या चार फेऱ्या उजवीकडेच काढल्या. चार तुकड्या, दोन्ही मोर्टार, वर धुराचा एक गोळासुद्धा त्यांनी तिकडे खर्च केला. दोन तुकड्या गेल्या तरी मागे हटल्या नाहीत. भैय्यालाल माझ्या कानाशी म्हणाला, "धुराचा गोळा गेला म्हणजे खरंच उजवीकडून जाते का काय ही?" अश्विनलाही तेच वाटलं असावं. पाचव्या फेरीत त्यानं राखीव तुकडी डावीकडून उचलली आणि उजवीकडे नेली.

पार्वताबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग डावीकडच्या मशीनगनसमोर धूर टाकला आणि नाल्यात लपवलेल्या पाच तुकड्या पुढे काढल्या.

अश्विन खाटेच्या अगदी कडेला सरकला. सहाव्या फेरीत तार कापणारी तुकडी तारेशी पोचली. सातव्या फेरीत धुराचा शेवटचा गोळा पडला, तार तुटली आणि मोर्टार डाव्या टोकाकडे वळले. तरी तीन तुकड्या गेल्या. आठव्या फेरीत पार्वताबाईंची तुकडी टोकातून खंदकात उतरली आणि मशीनगन उचलली गेली. अश्विननं लगेच राखीव तुकडी परत धाडून उलटा हल्ला चढवला. ह्या वेळी पार्वताबाईंकडे मागे तीन तुकड्या ताज्या होत्या. त्यांनी त्या खंदकात ओतल्या. उलटा हल्ला मोडला, पण आणखी एक तुकडी गेली. कोपऱ्यामागून कोपरा घेत त्या खंदकाच्या मधोमध असलेल्या बुरुजाशी आल्या. तिथं अश्विनची शेवटची भक्कम तुकडी बसलेली. ती पडली की खंदक पडला.

नववी फेरी होती. पार्वताबाईंनी फासे हातात घेतले.

"आठ किंवा वर पाहिजे, आई," तृप्ती म्हणाली. "दोन फाशांच्या छत्तीस दानांतली पंधरा."

"आन् आधी मोर्टारनं दाबलं तर?"

"मग पुढच्या फेरीत सहा किंवा वर. छत्तीसातली सव्वीस. पण पुढची फेरी शेवटची."

"मार ना, माय," अश्विन म्हणाला. "आत्ता मारशील तर दोनदा मारता येते. थांबशील तर एकदाच."

पार्वताबाईंनी फासे खाली ठेवले. "मोर्टार," त्या म्हणाल्या.

गोळे पडले, तुकडी दबली. उजव्या टोकावरच्या अश्विनच्या मशीनगननं तेवढ्यात बाहेर उरलेली एक तुकडी टिपली. पार्वताबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दहाव्या फेरीत त्यांनी फासे टाकले. चार आणि तीन. सात.

भैय्यालालनं मांडीवर थाप मारली. तृप्तीनं आईला मिठी मारली. पार्वताबाई अश्विनकडे बघत होत्या. तो बाजूला पडलेल्या सोंगट्या मोजत होता.

"सात तुकड्या गेल्या तुह्या," तो म्हणाला. "खऱ्यात असतं तं दोनशे माणसं."

"मालूम आहे. पहिल्या डावात तं मी सगळेच मारले होते. तवा मले त्याचं काही वाटलंबी नाही." त्यांनी त्यातली एक सोंगटी उचलून धरली. "आता वाटते."

अश्विननं सोंगट्या डब्यात भरल्या. मग त्यानं खाली वाकून निळी पिशवी ओढली. कोणी मदतीला पुढे झालं नाही, पार्वताबाईंनी हातानंच सगळ्यांना थांबवलं होतं. मोजा चढवायला त्याला वेळ लागला. पाय चढवून, एका हातानं दार धरून तो उभा राहिला. सात पावलं टाकली, आठव्याला पडला.

इथं गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण पाय बसतच नव्हता. सहा महिने न वापरल्यानं उरलेला पाय बारीक झाला होता, त्यावर बसणारा कृत्रिम पायाचा साचा सैल पडला होता. कातडी सोलून निघाली. अश्विननं तो काढून भिंतीशी उभा केला आणि म्हणाला, "पाहिलंस?"

"पाहिलं," पार्वताबाई म्हणाल्या. "उद्या नागपूरला जाऊ. साचा बदलून घेऊ."

गेले. साचा बदलायला तीन खेपा लागल्या. दुसऱ्या खेपेला पाय बसवणाऱ्या केंद्रातल्या मुलीनं सांगितलं की रोज अर्धा तास, मग एक तास, असं वाढवत न्यायचं आणि जखम झाली की थांबायचं. अश्विननं तेही रजिस्टरमध्ये लिहिलं, आईच्या अक्षराखाली. जूनमध्ये तो घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालू लागला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला तेव्हा बांधावर काठी टेकत उभा राहून तो मजुरांना रोपांच्या जुड्या मोजून देत होता. एकदा घसरून चिखलात बसलाही. मजूर बाया हसल्या, तोही हसला. ते हसणं मी भिंतीवरून नाही, शेतावर जाऊन ऐकलं.

आता अश्विन आठवड्यातून तीन दिवस मोहाडीला जातो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींना नकाशा वाचायला शिकवतो. पहिल्या तासाला तो त्यांना जमिनीवर पालथं झोपवतो आणि गाल मातीला टेकवून समोरचं किती दिसतं ते सांगायला लावतो.

पार्वताबाईंचा रविवार तसाच आहे. त्या जिंकून थांबणाऱ्या नाहीत. डब्यातल्या नकाशाला दुसरी बाजूही निघाली. तिथं मोठी नदी आहे, पलीकडच्या काठावर मशीनगन आहेत आणि हल्ला करणाऱ्याकडे नावा फक्त चार. परवा मी गेलो तेव्हा सहावा डाव हरून त्या भांडी घासत होत्या.

"नदीचं काही जमत नाही वाटतं?" मी विचारलं.

"पाणी कुठं उथळ आहे ते नकाशात दाखवलंच नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आता वैनगंगेवर जाऊन पाहाव लागते. सकाळी येता का?"